चार राज्यांचा एक दगड आणि भोवतीचे स्टॉल

मैत्रिणींनो, शिवेचा दगड आपल्याला नवा नाही. बांधावरचा दगड हातभर सरकला तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं. पण एकाच खुणेवर चार राज्यांच्या हद्दी मिळतात आणि तिच्याभोवती स्टॉल लागतात, हे ऐकलंय का?

अमेरिकेत युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्यं एका ठिकाणी मिळतात. त्या देशात अशी जागा ही एकच. १८७५ साली मोजणीदाराने तिथे दगड रोवला. आजच्या उपग्रहाच्या मोजणीने पाहिलं, तर तो ठरलेल्या जागेच्या साधारण १,८०० फूट पूर्वेला आहे! मग खूण हलवली का? नाही. राज्यांनी तीच मान्य केली होती. १९२५ साली न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोच्या वादात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही जुन्या मोजणीचीच हद्द कायम ठेवली. आता त्या जागी ग्रॅनाइटमध्ये धातूची गोल चकती बसवली आहे. लोक एकेका राज्यात एकेक हात-पाय टेकवून फोटो काढतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. हद्दी राज्यांच्या असल्या तरी भोवतीची जमीन नावाहो आणि यूट या आदिवासींची आहे. प्रवेशाची फी नावाहोंचाच उद्यान विभाग घेतो. चौकाभोवती स्टॉल आहेत. तिथे आदिवासी कारागीर हाताने केलेले दागिने, मण्यांच्या माळा, मातीची भांडी विकतात. तळलेली गरम रोटीही मिळते. खूण बघायला पाच मिनिटं पुरतात, पण लोक खरेदीला आणि खायला थांबतात. म्हणजे येणाऱ्याचा पैसा तिथल्याच लोकांच्या हातात जातो.

आपल्याकडे जत्रा भरते, किल्ल्यावर, धबधब्यावर गर्दी होते. तिथे स्टॉल कुणाचे असतात? पार्किंगचे पैसे कुठे जातात? येत्या बैठकीत हा विषय घ्या. जागा हवी असेल तर गर्दीचा हंगाम सुरू होण्याआधीच ग्रामपंचायतीकडे गटाच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडा. आणि माल बाहेरून आणलेला नको. आपल्या हातचा, आपल्या गावचा ठेवा. पाहुणा तोच शोधत येतो.