सांगाड्यांचा नाच

मध्यरात्रीची वेळ. विजेच्या लखलखाटात फांदीवरच्या घुबडाचे वाटोळे डोळे चमकतात. चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडतात आणि मनोऱ्यातून वटवाघळांचा थवा बाहेर झेपावतो. खाली दफनभूमीत दोन मांजरे थडग्यांवर बसून भांडत असतात. तोच त्यांच्यामधून हाडांचा एक सांगाडा हळूहळू वर येतो! मांजरे जीव घेऊन पळतात. प्रेक्षकही क्षणभर श्वास रोखून धरतात. परंतु थोड्याच वेळात चार सांगाडे एका ओळीत ठेक्यावर नाचू लागतात आणि भीतीची जागा हसू घेते.

हा प्रसंग ‘द स्केलेटन डान्स’ म्हणजेच ‘सांगाड्यांचा नाच’ या कृष्णधवल व्यंगचित्रपटातील आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या अमेरिकेतील चित्रशाळेत तो १९२९ साली तयार झाला. त्याची लांबी अवघी साडेपाच मिनिटांची. त्यात कथा नाही, नायक नाही, की एकही संवाद नाही. तरीही हा चित्रपट अजून आवडीने पाहिला जातो. याचे रहस्य चित्र आणि संगीत यांच्या मिलाफात आहे.

या चित्रपटाची कल्पना संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांची होती. लहानपणी त्यांनी मुलांच्या एका मासिकात नाचणाऱ्या सांगाड्याची जाहिरात पाहिली आणि वडिलांकडून पैसे मागून घेऊन ते खेळणे मागविले. तो सांगाडा पुठ्ठ्याचा होता. दोरीची दोन्ही टोके ओढली की त्याचे सैल सांधे हलत आणि तो नाचू लागे. मोठेपणी स्टॉलिंग कॅन्सस सिटी येथील चित्रपटगृहात मूकपटांच्या वेळी ऑर्गन वाजवीत असत. पडद्यावर जे घडेल त्यास अनुरूप सूर काढणे हेच त्यांचे काम होते. तेथे चित्र पुढे आणि संगीत मागे, असा क्रम असे.

१९२८ च्या नोव्हेंबरात ‘स्टीमबोट विली’ या बोलक्या व्यंगचित्रपटाने मिकी माउस लोकप्रिय झाला. त्यानंतर डिस्ने आणि स्टॉलिंग यांच्यात वाद होऊ लागला. संगीताने चित्राच्या मागे जावे, असे डिस्ने यांचे मत होते. तर कधी चित्रानेही संगीताच्या मागे जावे, असे स्टॉलिंग यांचे म्हणणे होते. अखेर दोघांनी तोड काढली. मिकीच्या चित्रपटांत चित्र पुढे राहील आणि एका नव्या मालिकेत संगीत पुढे राहील, असे ठरले. त्या ‘सिली सिम्फनी’ मालिकेतील पहिला चित्रपट म्हणजे ‘सांगाड्यांचा नाच’.

ठेका आणि चित्र यांचा मेळ गणिताने साधला जातो. बोलपटाच्या फितीवर दर सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकतात. समजा, संगीताचा ठेका अर्ध्या सेकंदाला एकदा पडतो. मग दर बाराव्या चौकटीत सांगाड्याचे पाऊल जमिनीवर टेकले पाहिजे. साडेपाच मिनिटांच्या फितीत अशा ७,९२० चौकटी होतात. एकच चित्र दोनदा छायांकित करता येते, नाचाच्या हालचाली पुन्हा वापरता येतात. तरीही श्रम थोडे नव्हेत. ही चित्रे बहुतांशी अब आयवर्क्स या कुशल चित्रकाराने काढली. डिस्ने यांची इच्छा अशी, की आयवर्क्स यांनी महत्त्वाच्या हालचाली रेखाटाव्यात आणि मधली चित्रे साहाय्यकांनी पुरी करावीत. आयवर्क्स यांना मात्र स्वतःच्या हाताचाच भरवसा वाटे.

त्यांच्या कल्पकतेमुळेच भय विरून जाते. एक सांगाडा दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर हाडांनी आघात करून सूर काढतो. दुसरा एक मांजराची शेपटी ताणून तिचे तंतुवाद्य बनवितो. ज्याला भ्यावे तोच असा खेळात रमला, तर त्याचे भय कोठून उरणार?

चित्रपट तयार झाला. पण वितरकाला तो रुचला नाही. त्याला मिकीचेच चित्रपट हवे होते. अशा भीषण विषयाला प्रेक्षक येतील का, अशी शंका घेतली गेली. डिस्ने यांनी मात्र माघार घेतली नाही. खटपट करून त्यांनी १९२९ च्या जून महिन्यात लॉस एंजेलिस येथील कार्थे सर्कल चित्रपटगृहात तो दाखविला. प्रेक्षकांनी त्याचे उत्तम स्वागत केले. पुढे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध रॉक्सी चित्रपटगृहातही तो झळकला आणि ऑगस्टपासून कोलंबिया कंपनीने या मालिकेचे वितरण हाती घेतले. १९३९ पर्यंत या मालिकेत ७५ चित्रपट निघाले. त्यांपैकी ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या रंगीत चित्रपटास व्यंगचित्रपटांसाठी असलेले पहिले अकादमी पारितोषिक मिळाले.

हे यश डिस्ने आणि आयवर्क्स यांना एकत्र ठेवू शकले नाही. १९३० च्या आरंभी आयवर्क्स आणि स्टॉलिंग हे दोघेही चित्रशाळा सोडून गेले. पण एकाने सुचविलेली कल्पना, दुसऱ्याने काढलेली चित्रे आणि तिसऱ्याने धरलेला आग्रह यांचे फळ टिकून राहिले.

चित्रपटाच्या शेवटी कोंबडा आरवतो. पहाट झाली, हे कळताच सांगाड्यांची त्रेधा उडते. एकमेकांवर आदळत, हाडांचा गुंता करीत ते थडग्यात उडी घेतात. घाईत दोन पावले मात्र बाहेरच राहतात! प्रारंभी ज्यांच्या दर्शनाने प्रेक्षक दचकले होते, तेच सांगाडे आता एका कोंबड्याला भिऊन पळत असतात.