गाडी घेताना वही तुमच्या हाती हवी!

गाडीचा रंग बायकोनं निवडावा आणि बाकीचं सगळं ‘ह्यांनी’ पाहावं, अशी आपल्याकडची रीत. पण भगिनींनो, महिन्याच्या जमाखर्चाची वही जिच्या हातात, तिनंच ‘लिटरला किती जाते?’ हा प्रश्न विचारायला हवा.

करमाळा तालुक्यातलं केम घ्या. कुंकवासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. बाजार, दवाखाना, देवदर्शन अशा निमित्तानं करमाळा, कुर्डुवाडी, पंढरपूरला जाणं-येणं असतंच. समजा, अशा एखाद्या घरची गाडी महिन्याला ६०० किलोमीटर धावते. लिटरला १५ किलोमीटर जाणारीला ४० लिटर पेट्रोल लागेल, २० जाणारीला ३०. सोयीसाठी लिटरला शंभर रुपये धरले, तर महिन्याला हजार रुपये वाचले. छान! पण ती गाडी लाखानं महाग असली तर? लाख फिटायला शंभर महिने, म्हणजे आठ वर्षांच्या वर! हेच धावणं २,००० किलोमीटर असेल, तर लाख अडीच वर्षांत वसूल. तेव्हा आधी आपलं धावणं मोजा, मग दुकानात पाय ठेवा.

आणखी एक गंमत. त्याच ६०० किलोमीटरला दहाची गाडी जाऊन पंधराची आली, तर २० लिटर वाचतात. विसाची जाऊन पंचविसाची आली, तर फक्त सहा. घरात जुनी, खादाड गाडी असेल तर खरी बचत तिला निरोप देण्यात आहे.

कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो. एसी, खड्डे, भरलेली डिकी यांनी तो उतरतो. म्हणून तीच गाडी वापरणाऱ्या एखाद्या वहिनींना विचारा. टाकी काठोकाठ भरायची, आकडा टिपायचा, पुन्हा भरताना मधले किलोमीटर भागिले लागलेले लिटर, सोपं आहे.

सीएनजी स्वस्त पडतो खरा, पण पंप जवळ आहे का ते पाहा. बऱ्याच गाड्यांत नळकांडं डिकीची जागाही खातं. मग माहेरचं गाठोडं कुठं ठेवणार? पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. जुनी गाडी घेत असाल, तर तिला हे इंधन चालतं का, ते पुस्तिकेत बघून घ्या.

चाकांतली हवा मात्र नियमित तपासा. हवा कमी असली की पेट्रोल जास्त जळतं. आणि ह्यांना एकट्यालाच सोलापूरला जायचं असेल, तर केमला रेल्वे स्टेशन आहे की!