नियम उघड, कारण झाकलेले

अनाकलनीय गोष्टी सांगण्याच्या दोन रीती मराठीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारी शेजारी वाढल्या, परंतु त्यांच्यात येणे-जाणे फारसे राहिले नाही. पहिली विज्ञानकथेची. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तिच्यात ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि हे जगताप म्हणजे नावाची आद्याक्षरे उलटी करून लिहिणारे जयंत विष्णू नारळीकर आहेत, हे पुढे उघड झाले. विज्ञानप्रसाराच्या घरात वाढल्यामुळे या कथेच्या अंगी शिक्षकाचा गुण आला, आणि वाचकाला पडलेले कोडे शेवटच्या पानापर्यंत सोडवून देणे हे ती आपले कर्तव्य मानू लागली. दुसरी रीत गूढकथेची. ‘खेकडा’सारख्या कथांमधून रत्नाकर मतकरी यांनी तिला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली, आणि तिचा सारा कस उलगडा लांबवण्यात किंवा मुळीच न करण्यात राहिला. विज्ञानकथा आणि भयकथा या दोन्ही लिहिणारे नारायण धारप या दोन रीतींच्या बांधावर उभे होते. विज्ञान-भयपट नावाचा चित्रपटप्रकार नेमका याच बांधावरचा असल्यामुळे, त्याचा विचार करताना धारपांचे नाव पुन्हा घ्यावे लागणार आहे.

विज्ञान-भयपट म्हणजे ज्यात भीतीचे कारण भूत किंवा शाप नसून निसर्गनियमांत बसू शकेल अशी एखादी वस्तू असते: परग्रहावरचा जीव, बिघडलेले यंत्र, हाताबाहेर गेलेला प्रयोग. भुताच्या गोष्टीत खुलासा झाला नाही तरी प्रेक्षक तक्रार करत नाही, कारण तिथे खुलाशाचे वचन कोणी दिलेलेच नसते. प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि संगणक पडद्यावर दिसले की मात्र तसे वचन आपोआप दिले जाते, आणि ते दिग्दर्शकाने जाणूनबुजून मोडले तर त्यातून निर्माण होणारी अस्वस्थता भुताटकीच्या अस्वस्थतेहून वेगळी आणि अधिक चिवट असते.

या वचनभंगाचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे जॉन कारपेंटर यांचा ‘द थिंग’. हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ आला होता आणि परग्रहवासी म्हणजे मुलांचा लाडका सवंगडी, हे प्रेक्षकांनी मनोमन स्वीकारले होते; त्यामुळे माणसाच्या पेशी गिळून त्याचेच रूप घेणारा कारपेंटर यांचा जीव त्यांना सोसवला नाही, समीक्षकांनीही त्याला झोडपले, आणि चित्रपटाची खरी प्रतिष्ठा पुढे घरोघरी व्हिडिओ कॅसेट पोहोचल्यावर वाढली. कथानक साधे आहे. अंटार्क्टिकावरच्या एका अमेरिकी संशोधनतळावर बारा पुरुष हिवाळा काढत असताना, नॉर्वेच्या तळावरचे एक हेलिकॉप्टर एका कुत्र्याचा पाठलाग करत तिथे येते. कुत्रा वाचतो, पाठलाग करणारे मरतात, आणि तो कुत्रा कुत्रा नाही हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

या चित्रपटात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदतात, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय त्याची कारागिरी लक्षात येत नाही. एक गूढ, म्हणजे ज्याचे उत्तर दिलेलेच नाही असा प्रश्न: हा जीव कोठला, त्याचे मूळ रूप कोणते, तो पृथ्वीवर कशासाठी आला, यांबद्दल बर्फात गाडलेल्या एका यानापलीकडे चित्रपट काहीही सांगत नाही. दुसरी संदिग्धता, म्हणजे ज्याची एकाहून अधिक उत्तरे समोर आहेत आणि प्रत्येकाला थोडाथोडा पुरावा आहे असा प्रश्न. सुरुवातीला तो कुत्रा एका खोलीत शिरतो तेव्हा भिंतीवर एका माणसाची सावली दिसते, पण ती कोणाची हे ओळखता येत नाही. साठवणीतले रक्त नासवले जाते, पण कपाट कोणी उघडले हे ठरत नाही. तळावरच्या फ्यूक्स नावाच्या माणसाचा जळालेला देह सापडतो, पण त्याने स्वतःला जाळून घेतले की त्याला जाळण्यात आले, हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि ज्याची नक्कल झाली आहे त्या माणसाला आपण आता माणूस उरलो नाही याची जाणीव असते का, हा सर्वांत भयंकर प्रश्न तर कोणी मोठ्याने विचारतही नाही.

तरीही प्रेक्षकाला फसवले गेल्यासारखे वाटत नाही, कारण कारण झाकलेले असले तरी नियम उघड आहेत. हा जीव पेशीगणिक नक्कल करतो; त्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जिवंत असतो; म्हणून त्याच्या रक्ताच्या थेंबालाही स्वतःचा जीव वाचवण्याची धडपड असते. तळावरचा जीवशास्त्रज्ञ ब्लेअर संगणकाकडून हिशेब काढतो, तेव्हा हा जीव वस्तीत पोहोचल्यास पहिल्या संपर्कापासून २७,००० तासांत, म्हणजे सुमारे तीन वर्षांत, साऱ्या मानवजातीला ग्रासेल असे उत्तर येते. याच नियमांच्या आधारे नायक मॅक्रेडी तापलेली तार प्रत्येकाच्या रक्तात बुडवून पाहतो, आणि एका बशीतला थेंब उसळून पळतो. तो प्रसंग तर्कशुद्ध आहे म्हणून धडकी भरवतो.

खरी मेख या चाचणीच्या मुदतीत आहे. चाचणी त्या क्षणापुरता निवाडा देते, पुढच्या तासाचा नाही. तिच्यातून सुटलेला मॅक्रेडीचा सहकारी चाइल्ड्स नंतर एकटाच वादळात दिसेनासा होतो, तळ पेटल्यावर परत येतो आणि वाट चुकलो होतो असे सांगतो. धगधगत्या अवशेषांसमोर मॅक्रेडी आणि तो मद्याची बाटली वाटून घेतात आणि चित्रपट थांबतो. दोघे माणसेच असतील, दोघांपैकी एक नसेल, किंवा एकाने दुसऱ्याला ओळखले असेल. यांतले काहीही नियमांच्या विरुद्ध जात नाही. चाइल्ड्सच्या तोंडून वाफ कमी का दिसते, बाटलीत मद्य होते की पेट्रोल, अशा तर्कवितर्कांत रसिकांनी पुढे चाळीस वर्षे घालवली. पण वाफेचे दिसणे दिव्यांच्या दिशेवरही अवलंबून असते आणि बाटलीचा पुरावा पाहणाऱ्याच्या इच्छेपलीकडे जात नाही. खबरदारी म्हणून कारपेंटर यांनी मॅक्रेडीची सुटका होऊन रक्ततपासणीत तो माणूसच ठरतो असे एक दृश्य चित्रित करून ठेवले होते. ते त्यांनी वापरले नाही. हा निर्णय त्या वेळच्या तिकीट खिडकीवर कदाचित महाग पडला असेल, पण आज या चित्रपटाची चर्चा होते ती मुख्यतः त्याच्यामुळेच.

महाराष्ट्राच्या मातीत या जातीची सर्वांत जवळची कलाकृती शोधायची तर ती हिंदी बोलणारी असली तरी मराठी हाडामांसाची आहे: राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याआधी व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन त्याने झाले. दिग्दर्शक हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे पुत्र. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेले, पण उसने फक्त नावाचे. कथेचे बीज मात्र धारपांच्या ‘आजी’ या कथेतले, जी बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. धारपांच्या त्या कथेमागे स्टीफन किंग यांची ‘ग्रामा’ ही कथा आहे, आणि किंग यांच्या त्या कथेत एका म्हातारीला ‘हास्टर’ या नावाची आण घालून निजवले जाते.

या नावाचा प्रवास मुद्दाम पाहण्यासारखा आहे. अमेरिकी लेखक अँब्रोज बिअर्स यांच्याकडे हास्टर हा मेंढपाळांचा कनवाळू देव होता. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्स यांनी ते नाव कधी स्थळासारखे तर कधी व्यक्तीसारखे वापरले. पुढे एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी अनेक अगम्य नावांच्या रांगेत ते नुसते उच्चारून सोडून दिले. दर हस्तांतरात अर्थ गळत गेला आणि दबदबा वाढत गेला. तुंबाडच्या वाड्याखाली हस्तर म्हणून तो अवतरला, तेव्हा त्याला धनधान्याच्या देवीचा पहिला पुत्र, सोन्याचा हव्यास धरून धान्याकडे हात नेताना इतर देवांनी ठेचलेला आणि आईने पोटात लपवलेला, अशी एक संपूर्ण कुळकथा मिळाली, जी कोणत्याही पुराणात नाही पण पुराणातलीच वाटावी इतकी नेटकी आहे. आणखी एक धागा इथे जुळतो. लव्हक्राफ्ट यांची अंटार्क्टिकातील मोहिमेवरची कादंबरिका १९३६ मध्ये ज्या अमेरिकी मासिकात क्रमशः आली, त्याच मासिकात १९३८ मध्ये जॉन कॅम्पबेल यांची ‘हू गोज देअर?’ ही कथा छापली गेली आणि तिच्यावरूनच ‘द थिंग’ निघाला. कोकणातला पाऊस आणि दक्षिण ध्रुवावरचा बर्फ यांचे गोत्र असे फार लांबचे नाही.

‘तुंबाड’ हा विज्ञानपट नव्हे. त्यात देवता आहे, शाप आहे. तरीही त्याचा नायक विनायक वागतो प्रयोगकर्त्यासारखा. पिठाच्या रिंगणात हस्तर येत नाही, पिठाची बाहुली दिसली की तो खायला धावतो, तो खात असताना त्याच्या लंगोटातून मोहरा ओरबाडता येतात, आणि त्याचा स्पर्श झालेल्याला मरण येत नाही: हे नियम तो जपतो आणि वर्षानुवर्षे त्यांवर पोट भरतो. १९४७ मध्ये त्याचा मुलगा पांडुरंग वरकरणी निर्दोष अनुमान मांडतो, की एका बाहुलीने हस्तर काही क्षण गुंततो तर अनेक बाहुल्यांनी पुष्कळ वेळ गुंतेल आणि मग अख्खा लंगोटच पळवता येईल. बापलेक वाड्याखालच्या देवीच्या गर्भात उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर भिंतीतून बाहेर पडतात. निरीक्षण खरे होते, पण ते एकाच बाहुलीपुरते होते. मोजक्या अनुभवांवरून सर्वसामान्य नियम काढण्याच्या पद्धतीला तर्कशास्त्रात विगमन म्हणतात, आणि विगमनाचा असा भीषण पराभव भारतीय पडद्यावर क्वचितच दाखवला गेला असेल. ‘द थिंग’मध्ये चाचणी बरोबर ठरते पण तिची मुदत संपते, इथे चाचणीची व्याप्तीच चुकते, दोन्हीकडे भीती अज्ञानातून येत नाही, अपुऱ्या ज्ञानावर ठेवलेल्या पूर्ण भरवशातून येते.

चित्रपट हस्तर अनेक कसे झाले ते सांगत नाही. ते आधीपासून तिथे होते, की एकाचेच अनेक झाले, की देवीच्या गर्भात संख्येला अर्थच नाही? हस्तरच्या स्पर्शाने शापित झालेल्या म्हातारीच्या देहातून झाड उगवते, हृदय धडधडत राहते, ती बोलते, सौदा करते; पण दशकानुदशके तिला काय वाटत असेल, याकडे कॅमेरा वळत नाही. प्रारंभीची कुळकथा सविस्तर असल्यामुळे सारे काही सांगून झाले असे प्रेक्षकाला वाटते आणि न सांगितलेले त्याला उशिरा खुपते. ही युक्ती कारपेंटर यांच्याहून निराळी आणि बहुधा आपल्या कथाकीर्तनाच्या सवयीला जवळची आहे.

उघडा शेवट आणि संदिग्धता यांची मात्र गल्लत होऊ नये. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त नायक जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि चित्रपट संपतो. पुढे काय होईल हे तिथे मोकळे आहे, पण काय झाले याविषयी कणभरही शंका नाही, आणि शंका नसणे हेच त्या शेवटाचे बळ आहे. ‘द थिंग’ पाहणाऱ्याची अडचण याच्या उलट असते: तिथे झालेलेच निश्चित नाही.

झाकलेले कारण नंतर उघडे करण्याचे प्रयत्न बहुतेक वेळा फसले आहेत. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’मध्ये एका परक्या यानात आसनाला जखडलेला एक अवाढव्य मृत चालक दिसतो, तो कोण, कोठला, याबद्दल अक्षर नाही, आणि त्या एका दृश्याने विश्व अचानक जुने आणि बेफिकीर वाटू लागते. २०१२ मध्ये स्कॉट यांनीच ‘प्रोमेथियस’मध्ये तो देह म्हणजे माणसासारख्याच एका जमातीचा पोशाख होता असे सांगितले, आणि जिथे अथांगता होती तिथे वंशावळ आली. ‘द थिंग’च्या नॉर्वेजियन तळावर आधी काय घडले ते दाखवणारा चित्रपट २०११ मध्ये निघाला. दारात रुतलेली कुऱ्हाड, दोन तोंडांचे जळके शव, अशा प्रत्येक खुणेचा त्याने इमानाने हिशेब दिला. पण मूळ चित्रपटात याच खुणा प्रेक्षकाच्या कल्पनेला कामाला लावत होत्या, आणि हिशेब चुकता झाल्यावर तिला काम उरले नाही.

‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला, मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक चालला, आणि त्याच सुमारास निर्माते व प्रमुख अभिनेते सोहम शाह यांनी दुसऱ्या भागाची घोषणा केली. बर्वे मात्र त्यात नसतील हेही तेव्हाच जाहीर झाले. पहिल्या भागाच्या शेवटी पांडुरंग शापित बापाने पुढे केलेला लंगोट नाकारतो आणि बापाला जाळून मुक्त करतो, म्हणजे मानवी बाजूची गोष्ट पुरी झालेली आहे. उरले आहेत ते गर्भातले प्रश्न: हस्तर किती, देवी जागी की निद्रिस्त, आणि ज्या इतर देवांनी त्याला ठेचले ते आता कोठे आहेत. दुसरा भाग लिहिणाऱ्यांपुढे या प्रश्नांची उत्तरे देण्याचा मोह उभा राहणार, आणि हस्तरच्या वागण्याचा एखादा नवा नियम शोधून काढणे हे त्याहून अवघड काम त्यांना करावे लागणार.