‘ओ काट’नंतरचं रडणं

संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवरून ‘ओ काट’ची आरोळी उठते आणि दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत मांजानं चिरलेली बोटं, पतंगामागे पडून मोडलेले हात येऊ लागतात. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. जखमी लेकराची हाडं जुळवायला, टाके घालायला आपण केव्हाच शिकलो. त्याचं दुखणं थांबवायला मात्र उशिरा शिकलो.

तान्ह्या बाळाला वेदना कळत नाहीत, असं 1980 च्या दशकापर्यंत कित्येक डॉक्टर मानत. शस्त्रक्रियेतही बाळाला जुजबी भूल मिळे. या समजाला मोठा हादरा दिला तो इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी. फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या मुदतपूर्व बाळांना शस्त्रक्रियेचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही, हे त्यांनी 1987 मध्ये दाखवलं.

दुखतं हे पटलं, तसं ते मोजणंही आलं. हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांवर लेकरू बोट ठेवू लागलं. बोलता न येणाऱ्यांसाठी 1997 मध्ये चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं यांवर दहापैकी गुण देणारी पद्धत आली.

आपल्याकडे अडचण औषधाचीच होती. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन परवान्यांच्या जंजाळात अडकलं. 2014 च्या दुरुस्तीनं त्याची वाट थोडी मोकळी झाली. 

‘दोनच टाके आहेत, घट्ट धरा’ ही सवय मात्र कायद्यानं जात नाही. खरं तर सुरुवातीला फार काही लागत नाही: मोडलेल्या हाताला खपाटीचा आधार, वजन करून किलोमागे 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, टाक्यांआधी जागा बधिर करणं आणि आईला जवळ बसू देणं. जास्त दुखत असेल, तर फेंटानिल सुईशिवाय नाकातूनही देता येतं.

म्हणून यंदा लेकराला घेऊन कॅज्युअल्टीत जायची वेळ आलीच, तर एक्स-रेला नेण्याआधी विचारा: ‘डॉक्टर, याला दुखण्याचं औषध दिलं का?’