फवारणी झाली, भुंगेरे जिवंत का?

‘बिव्हेरिया मारलं, तिसऱ्या दिवशी बघतो तर किडे ठणठणीत. पैसे पाण्यात!’ मित्रबुरशीचा विषय काढला की हे ऐकावंच लागतं. पीक कॉफी असो की आपल्याकडचा कापूस.

अहो, तिसऱ्या दिवशी काय बघता? बिव्हेरिया बॅसियाना हा किड्यांना होणारा रोग आहे. इटलीच्या अगोस्तिनो बास्सीने 1835 मध्ये रेशीमकिड्यांच्या मरतुकीमागे हीच बुरशी असल्याचं दाखवलं होतं. बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतो, ओलाव्यात रुजतो, कवच भेदून आत शिरतो आणि तिथे वाढतो. याला चार-पाच दिवस ते आठवडा लागतो, गारठ्यात जास्तच. भर दुपारी फवारलं तर अतिनील किरणांनी बीजाणूच मरतात. तापलेल्या पत्र्याखाली महिनोन्‌महिने ठेवलेल्या पुड्याबद्दल तर बोलायलाच नको.

पण कॉफीत खरा घोळ वेगळाच होतो. फळ पोखरणारा भुंगेरा 1990 मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला आढळला आणि तिथून वायनाड-कोडगूत पसरला. मादी जेमतेम दीड मिलिमीटरची. ती फळाच्या टोकाकडून भोक पाडते, बीत शिरते, तिथेच अंडी घालते. नरांना उडताही येत नाही. त्यांचा जन्म-मृत्यू त्याच फळात. एकदा ती बीत गेली की बुरशी काय नि विष काय, थेंब पोचणार कसा? मात्र बी कोवळी असेल तर मादी भोकाच्या तोंडाशीच थांबून राहते. फवारणी करायची ती तेव्हा. चार फळं कापून मादी कुठवर पोचलीय हे न बघता पंप पाठीवर घेणाऱ्याने बुरशीला दोष देऊ नये. नेम साधला असेल आणि हवेत दमटपणा असेल, तर भोकाच्या तोंडाशी मेलेल्या मादीवर पांढरी लव उगवलेली दिसते.

‘त्यापेक्षा रासायनिक हमखास’ म्हणणाऱ्यांनी न्यू कॅलेडोनिया आठवावं: याच भुंगेऱ्याने तिथे एंडोसल्फान हे कीटकनाशक पचवल्याचं ब्रून आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्येच प्रसिद्ध केलं. आपल्याकडे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंदच केलं.

‘बुरशी कपात उतरेल.’ कॉफीची बी दोनशे अंशांच्या आसपास भाजतात हो!

‘बुरशीने तांबेरा वाढेल.’ तांबेरा रोगाची बुरशी वेगळी. उलट तांबेऱ्यासाठीचं बोर्डो मिश्रण मित्रबुरशीलाही मारतं. दोन्ही एका पंपात नकोत.

‘जैविक म्हणजे निर्धोक.’ बास्सीचे रेशीमकिडे विसरलात? शेजारी तुतीचा मळा असेल तर सांभाळून.

‘बुरशी मारली, आता वेचणी कशाला?’ हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. काढणीनंतर झाडावर आणि खाली राहिलेल्या वाळक्या फळांतच भुंगेरे पुढच्या हंगामापर्यंत तग धरतात. एकेका फळात डझनांनी सापडतात, आणि तिथवर कुठलीच फवारणी जात नाही.