माळशेजचा पाऊस आणि गनचा झोत

दसरा आठ दिवसांवर आला की आळेफाट्यावरच्या वॉशिंग सेंटरांपुढे रांग लागते. कांद्याच्या पिकअप, टोमॅटोचे टेम्पो, घरच्या गाड्या. बॉनेट उघडतं आणि गाडीवाला म्हणतो, "आतूनपण मार रे प्रेशर." कुणी हटकलंच, तर उत्तर तयार: "माळशेजच्या पावसात भिजते ना गाडी? मग पाण्यानं काय होतंय?"

हे वाक्य ऐकलं की आता माझे दात शिवशिवतात. अहो, पाऊस बॉनेटवर पडतो. इंजिनपर्यंत पोचतात ते शिंतोडे. गनचं पाणी वीतभर अंतरावरून घुसतं. घरगुती प्रेशर वॉशरसुद्धा १०० बारच्या घरात जातो. टायरमध्ये आपण ३३ पीएसआय हवा भरतो ती जेमतेम सव्वादोन बार.

"पण कनेक्टर वॉटरप्रूफ असतात की!" असतात, पण कशापुरते? आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात 'आयपी'पुढचा दुसरा आकडा पाण्याचा असतो. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आणि हेच मानक बजावतं, की ७ मिळालेली वस्तू ५ किंवा ६ ची, म्हणजे झोताची, परीक्षा पास झाली असं धरू नका. जवळून मारलेल्या जोरदार गरम झोतासाठी तर ९ ची वेगळीच चाचणी आहे. दहा वर्षं तापून कडक झालेलं तुमच्या गाडीतलं रबरी सील ती पास होईल? वेद म्हणणाऱ्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात आहे, हे खरं. पण म्हणून सीलकडूनही चमत्काराची अपेक्षा? शिवाय अल्टरनेटरला थंड राहण्यासाठी उघड्या फटीच असतात.

हा समज मरत नाही, कारण गाडी लगेच बंद पडत नाही. बोअरचं क्षाराचं पाणी कनेक्टरमध्ये बसून राहतं, तांब्याच्या पिनेवर हिरवा थर चढतो. महिन्याभरानं गाडी धक्के खाते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि शिव्या खातो सेन्सर नाहीतर मेकॅनिक.

"डिझेल मारलं की इंजिन चमकतं." चमकतं, आणि त्यावर धूळही चिकटते. कूलंटच्या रबरी नळ्या फुगतात. डिझेल साधारण २१० अंशांना ठिणगीशिवाय पेटतं. घाट चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे जातो. रॉकेलही त्याच माळेतलं.

"गरम असताना मळ लवकर निघतो." ओतीव लोखंडाला तडाही लवकर जातो.

"बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवली की उंदीर येत नाहीत." आमच्याकडच्या उसातल्या उंदरांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आणि "इंजिन कधी धुवूच नये" हेही खोटंच. तेलकट थरावर कांद्याची टरफलं साचली की आगीला आमंत्रण, आणि गळती कुठं आहे तेही दिसत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. आधी टरफलं, पाला हातानं काढा. मॅन्युअल बघून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवा आत घेणारं तोंड कॅरीबॅगनं बांधा. बादलीत शाम्पू, जुना रंगाचा ब्रश, ओलं फडकं. लागलंच तर नळाची हलकी धार. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी वायर दिसली, तर तिथं पाणी नाहीच. मग बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळवा. चावी फिरवण्याआधी कॅरीबॅगा मोजा: जितक्या बांधल्या, तितक्या हातात हव्यात.