३२ तासांची मुंबई

सूत कारखान्यातला माल खोक्यांत भरला की त्याच्यासोबत पॅकिंग लिस्ट निघते: लॉट नंबर, ग्रेड, कोन किती, वजन किती. छपाईत चुकलेल्या याद्या रद्दीत जातात. त्या रद्दीतल्या एका कागदाच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेननं दोन रकाने आखले होते. डावीकडे ‘शनि’, उजवीकडे ‘रवि’, आणि वर मधोमध एक आकडा, त्याभोवती दोनदा काढलेला गोल: ३२. कागदाला कोनिंग ऑइलचा वास येत होता. धागा सुरळीत गुंडाळला जावा म्हणून त्याला हे तेल लावतात. दिवसभर कोन हाताळणाऱ्यांच्या बोटांना, पदराला, डब्याच्या पिशवीलाही तो वास धरून राहतो.

दादरा-नगर हवेलीतल्या दादऱ्याला जायचं कारण हा कागदच. मुंबईची दोन दिवसांची सहल ठरवायला एवढी खाडाखोड कशाला लागते, असं पाहणाऱ्याला वाटलं. पुढच्या काही आठवड्यांत ती सहल ठरताना जवळून पाहायला मिळाली आणि त्या प्रत्येक खोडलेल्या ओळीमागचा हिशेब उलगडत गेला.

कागद जिचा, ती तिशीतली बाई पॅकिंग खात्यात काम करते. माहेर-सासर दोन्ही धुळे जिल्ह्यातलं. नवरा दुसऱ्या कारखान्यात टेक्स्चरायझिंग मशीनवर. अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई. दादऱ्यातल्या चाळीतलं हे चारचौघांसारखं घर. चाळीत कुणालाही मुंबईला जायचं असलं की आधी हिच्या दारात येऊन विचारतात. ‘ताई, बोरिवलीला उतरू की दादरला?’ या प्रश्नाला ती कधीच एका शब्दात उत्तर देत नाही. कुठे जायचंय, सोबत म्हातारं माणूस आहे का, सामान किती, एवढं विचारल्याशिवाय ती सांगत नाही.

नकाशावर दादरा बघितला की इथल्या माणसाला प्रवासाचा विचार करताना किती बाजू बघाव्या लागतात ते कळतं. नगर हवेलीपासून तुटलेला हा तुकडा चारी बाजूंनी गुजरातनं वेढलेला आहे. सिल्वासा गाठायचं तरी मधला गुजरातचा पट्टा ओलांडावा लागतो. मराठ्यांनी १७७९ च्या तहानंतर नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांना लावून दिला आणि दादरा पोर्तुगिजांनी १७८५ मध्ये विकत घेतला, त्या व्यवहारांची ही आखणी. १९५४ च्या जुलैत दादरा आणि ऑगस्टात नगर हवेली मुक्त झाली. त्या लढ्यात मुंबई-पुण्याकडची माणसं उतरली होती, संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच एक. आज या केंद्रशासित प्रदेशाचं उच्च न्यायालय मुंबईचं आहे. मोठं आजारपण निघालं की परळचं टाटा रुग्णालय. म्हणजे मुंबई इथल्या बहुतेक घरांना ठाऊक असते ती तारीख पडली म्हणून, किंवा रिपोर्ट दाखवायचा म्हणून. या बाईनंही मुंबई पहिल्यांदा पाहिली ती सासऱ्यांच्या फाइलची पिशवी छातीशी धरून. या वेळी पिशवीत फाइल नको, एवढीच तिची अट होती.

तिला नाटक बघायचं होतं. दादरच्या शिवाजी मंदिरात, तिकीट काढून, खुर्चीत बसून.

आता गाडी. दादऱ्याहून शेअर रिक्षानं वापी स्टेशन, आणि तिथून सकाळी सातच्या सुमारास फ्लाइंग राणी. सुरतहून पहाटे निघणारी ही गाडी दहाच्या आसपास मुंबई सेंट्रलला पोचते आणि संध्याकाळी सहाला पाच मिनिटं असताना परत निघते. १९०६ मध्ये सुरू झाली तेव्हा ती शनिवार-रविवारचीच गाडी होती. मग बंद पडत, पुन्हा सुरू होत १९३७ मध्ये तिला हे नाव मिळालं. १९७९ मध्ये तिला दुमजली डबे लागले आणि जुलै २०२३ मध्ये ते गेले. चाळीतली मोठी माणसं अजून त्या वरच्या मजल्याबद्दल बोलतात. वंदे भारत आता वापीला थांबते, पण पाच माणसांचं जाण्यायेण्याचं तिचं भाडं हा या घराचा विषय नाही. राणीचा सेकंड सिटिंगचा डबा हाच यांचा डबा.

शनिवारी दहाला पोचायचं, रविवारी सहाला निघायचं. मधे ३२ तास. गोल काढलेला आकडा तो हा.

या ३२ तासांतून ती आधी वजाबाकी करते. रात्रीची झोप आणि सकाळच्या अंघोळी मिळून १० गेले. जेवणं, नाश्ता, चहा ५. इकडून तिकडे जाण्यात ५. परतीच्या गाडीआधी स्टेशनवर १. ‘राहिले अकरा,’ ती म्हणते. सहलीच्या जाहिरातींत दोन दिवसांत पंधरा ठिकाणं असतात. ही अकरा तासांत मोजकीच बसवते, आणि त्यांतलंही एक कंसात लिहिते. सासूबाईंचे गुडघे बोलले तर कंसातलं गळणार. प्रत्येक ठिकाणापुढे तिनं बारीक अक्षरात ‘जिना’ किंवा ‘सपाट’ लिहिलं होतं. नाट्यगृहाला जिना किती, लिफ्ट चालू असते का, हे तिनं फोन करून विचारून घेतलं. प्रवासाची एवढी चांगली आखणी पैसे घेऊन सहली काढणारेही क्वचित करतात.

खरी कसोटी मात्र तारीख निवडण्यात होती. नवऱ्याच्या खात्यात बारा तासांच्या दोन पाळ्या. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. शुक्रवारी रातपाळी असेल तर तो शनिवारी सकाळी सातला मशीनवरून उतरणार, म्हणजे राणी हुकली. म्हणून शनिवार दिवसपाळीच्या आठवड्यातलाच हवा. तिनं कालनिर्णय खाली काढलं आणि एकाआड एक आठवड्यावर पेन्सिलनं टिंब देत पुढे गेली. टिंबाच्या आठवड्यांतून संकष्टी जवळ आलेली तारीख काढली, कारण सासूबाईंना सिद्धिविनायक हवा होता आणि संकष्टीची रांग त्यांना झेपणारी नव्हती. मुलांची परीक्षा असलेली काढली. नवऱ्याच्या चुलतभावाच्या घरचं लग्न होतं, ती काढली. उरल्या दोन.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. साठ दिवस म्हणजे आठ आठवडे आणि चार दिवस, त्यामुळे शनिवारचं तिकीट मंगळवारी सकाळी आठला उघडणार आणि रविवारच्या परतीचं बुधवारी आठला. तो आठवडाही दिवसपाळीचाच, म्हणून नवरा तेव्हा मशीनवर असणार. तिची स्वतःची जनरल शिफ्ट नऊची. तेव्हा मंगळवारी आठला कुकरची दुसरी शिट्टी होत असताना, एका हातात पोळीचं उलथनं आणि दुसऱ्या हातात फोन, अशी ती ओट्याशी उभी होती. पाच जणांची नावं, वयं आधीच भरून ठेवलेली. सासूबाईंना खालची कडेची जागा मिळावी म्हणून काही करता येतं का, हे तिनं आदल्या रात्री शोधलं होतं. बसायच्या डब्यात तसं काही नसतं, तर खिडकी तरी. मुलासाठी वेगळी जागा न घेता अर्धं तिकीट काढावं का, हा विचारही झाला. तिनं पूर्ण काढलं. तीन तास त्याला मांडीवर घेऊन बसणं म्हणजे मुंबईला पोचेपर्यंत आपणच दमणं, हा हिशेब पैशांच्या हिशेबाहून पक्का होता.

तिकीट हुकलं असतं तर तत्काळ होतं, पण फक्त नावाला. बिगर-वातानुकूलित डब्यांचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडतं आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारशी जोडलेल्या फोनवर ओटीपी येतो. अकराला तिचा फोन पॅकिंग खात्याबाहेरच्या लॉकरमध्ये असतो. ज्यांचा फोन सकाळी अकराला हातात असतो, अशांसाठीच ही सोय आहे. पाळीत काम करणाऱ्यांना तिचा उपयोग नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

तिकीट झालं, आणि मग नाटकाचं अडलं. गाडी साठ दिवस आधी ठरते, नाटकाचे प्रयोग मात्र बरेचदा आठ-पंधरा दिवस आधी जाहीर होतात. जाहिराती वर्तमानपत्रात येतात, ‘तिकिटालय’सारख्या ॲपवर दिसतात, पण दोन महिने आधी कोण सांगणार की त्या शनिवारी शिवाजी मंदिरात काय आहे? रविवारचा दुपारी चारचा प्रयोग तिनं आधीच खोडला होता. तो सुटता सुटता राणी निघून गेलेली असेल. शनिवारी रात्रीचा प्रयोग संपेपर्यंत मुलं खुर्चीत झोपणार. म्हणून शनिवार, दुपारी चार. त्या चौकटीत तिनं फक्त ‘नाटक’ लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली. कितीतरी आठवडे ती मोकळी राहिली. चाळीतल्या बायका विचारायच्या, ‘कुठलं?’ ती म्हणायची, ‘लागेल ते.’ विनोदी असलं तर बरं, एवढंच तिचं म्हणणं. इतक्या लांबून, इतक्या हिशेबानं येणाऱ्या प्रेक्षकाची कल्पना प्रयोगाच्या तारखा लावणाऱ्यांना असावी, असं राहून राहून वाटत होतं.

बाकीचं पटपट बसलं. शनिवारी उतरल्यावर सामान क्लोकरूममध्ये टाकून भायखळ्याची राणीची बाग. ती बुधवारी बंद असते, शनिवारी नाही. चौघांच्या कुटुंबाचं तिथे शंभर रुपयांचं एकत्र तिकीट असतं, आणि मुलाला पेंग्विन बघायचे होते. नेहरू तारांगण की वस्तुसंग्रहालय यावर मुलीशी वाद झाला. मुलगी जिंकली. रविवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि तिथून पायी गेटवे. घारापुरी सुरुवातीलाच गेली होती: बोटीचा वेळ आणि वरच्या पायऱ्या मिळून अर्धा रविवार.

रविवार म्हटला की लोकलचा ब्लॉक आला. पश्चिम रेल्वेवर तो घेतला गेला तर साधारण सकाळी साडेदहानंतर दुपारी साडेतीनपर्यंत गाड्यांचं वेळापत्रक विस्कटतं, आणि कुठे घेणार ते एक-दोन दिवस आधीच कळतं. पूर्वी यासाठी ती बेस्टच्या बसचे नंबर लिहून ठेवायची. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागली, दादर आणि मुंबई सेंट्रल दोन्ही त्याच मार्गावर. या एका ओळीनं कागदावरचे बसचे तीन नंबर खोडले गेले. मेट्रोत सरकता जिना आणि लिफ्ट असते, हे तिनं सासूबाईंना दोनदा सांगितलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: जमिनीखाली किती खोल?

मुक्कामाचा प्रश्न नात्याचा होता. नवऱ्याची मावसबहीण नालासोपाऱ्याला राहते. तिच्याकडे उतरलं नाही तर ती वर्षभर बोलून दाखवणार. उतरलं तर नाटकानंतर दादरहून रात्री विरार लोकल, सकाळी पुन्हा उलट, शिवाय तिनं आग्रहानं वाढलेलं जेवण: ३२ तासांतले किमान पाच गेले. पाच तास म्हणजे म्युझियम आणि गेटवे दोन्ही. नवरा म्हणाला, ‘अगं, वाईट दिसतं.’ ती म्हणाली, ‘अहो, तुम्ही फोन करा. म्हणावं, आईंना लोकलचा जिना जमत नाही, तुम्हीच रविवारी गेटवेला या.’ मावसनणंदेनं होकार दिला, वर डबा आणते म्हणाली. दादरला स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये पाच जणांची खोली सांगितली गेली, ती बारा वाजता रिकामी करायची की चोवीस तासांची, हे आधी विचारून. बाराची निघाली. म्हणून सकाळी निघतानाच सामान घेऊन बाहेर पडायचं आणि पुन्हा क्लोकरूम.

नऊ दिवस उरले असताना प्रयोग जाहीर झाला. शिवाजी मंदिर, शनिवार, दुपारी चार, दोन अंकी विनोदी नाटक. तिकिटं तिनं जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढून काढली, मधल्या रांगेतली, कडेची, म्हणजे सासूबाईंना पाय लांब करता येतील. मोकळ्या सोडलेल्या जागेत नाटकाचं नाव लिहिताना बॉलपेन तेलकट कागदावर उमटेना. तिनं कोपऱ्यात पेन घासलं आणि तीच अक्षरं दोनदा गिरवली.

उरला होता रविवारच्या रात्रीचा शेवटचा टप्पा. राणी वापीला पावणेनऊच्या सुमारास पोचते, त्या वेळी स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरून निघतात आणि झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन पाच जणांना एकत्र जागा मिळत नाही. चाळीतलाच एक रिक्षावाला न्यायला यायला तयार झाला. पैसे नकोत म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याला बायकोला घेऊन टाटाला जायचं होतं, त्याला गाडी, उतरायचं स्टेशन आणि जवळची राहायची सोय लिहून हवी होती. सोमवारपासून नवऱ्याची रातपाळी, म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत त्याला झोप काढता येणार होती. तिची मात्र नऊची शिफ्ट. रविवारी रात्री भिजत घालायचे मूग तिनं कागदाच्या सर्वांत खाली लिहिले होते, आणि त्याखाली रिक्षावाल्यासाठी नवा रकाना आखायला सुरुवात केली होती: ‘परळ. सोम. सकाळी.’